घरचा ईव्ही चार्जर का रुसतो: बडोद्याच्या वायरिंगपासून विश्वामित्रीच्या पुरापर्यंत

भिंतीवर लावलेल्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी; बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेची. हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे थोडी अक्कल असलेला स्विच. आत एक दणकट रिले किंवा कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा स्विच), गळती पकडणारं सर्किट, अर्थिंग तपासणारं सर्किट आणि गाडीशी बोलणारा छोटा बोर्ड, एवढाच ऐवज.

हे बोलणं कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की पुढचे निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. गाडीत खोचायच्या टाइप २ गनला सात पिना असतात. तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ आणि दोन बारीक पिना निरोपाच्या. त्यातल्या एका पिनेवर, कंट्रोल पायलटवर, डबा १२ व्होल्ट ठेवतो. गन गाडीत बसली की गाडीतल्या रेझिस्टरमुळे ते ९ व्होल्टवर येतात, म्हणजे ‘आले’. गाडी तयार झाली की ६ व्होल्टवर, म्हणजे ‘दे आता’. मगच रिलेचा संपर्क जुळतो आणि २३० व्होल्ट गनमध्ये येतात. त्याच पिनेवर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल असतो. तो किती टक्के वेळ चालू आहे त्यावरून गाडीला किती अँपियर ओढायची मुभा आहे ते कळतं. साधारण ५३ टक्के म्हणजे ३२ अँपियर, २७ टक्के म्हणजे १६.

या डब्यात झिजण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून तो रुसला की आधी त्याच्या मागे बघायचं असतं. मीटरपासून डब्यापर्यंतची वायर, जोड, अर्थिंग आणि रस्त्यावरून येणारी वीज, हे चार दुवे. आमचं स्पष्ट मत असं की चार्जिंगवर खर्च करायच्या रकमेतला मोठा वाटा या चार गोष्टींवर जावा. अ‍ॅप, रंगीत पडदा आणि आवाजी हुकूम यांचा नंबर त्यानंतर.

गिझर चालतो, मग गाडी का नाही?

बडोद्यात बऱ्याच घरी पहिली सोय म्हणून पार्किंगमधला १५ अँपियरचा पॉइंट वापरतात. गाडीबरोबर मिळालेली पोर्टेबल केबल त्यात खोचायची आणि झोपायचं. ‘या पॉइंटवर गिझर वर्षानुवर्षं चालला’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण गिझर वीस मिनिटांत पाणी तापवून स्वतः थांबतो. एसीचा कॉम्प्रेसरही अधूनमधून दम घेतो. गाडी मात्र सलग सहा-आठ तास एकाच जोराने करंट ओढते, आणि घरातल्या १६ अँपियरच्या साध्या सॉकेटची रोज रात्री अशी कसोटी कधी लागलेली नसते.

उष्णतेचं गणित साधं आहे. करंटचा वर्ग गुणिले जोडाचा रोध. समजा सॉकेटच्या पाठीमागचा एक स्क्रू सैल आहे आणि तिथे ०.१ ओहम रोध तयार झालाय. १५ अँपियर गेले की त्या एका ठिपक्यावर २२ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. तोच आयर्न रात्रभर प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखं हे आहे. उष्णतेने पितळेची पकड ढिली पडते, ढिल्या पकडीने रोध वाढतो, वाढत्या रोधाने आणखी उष्णता. आधी सॉकेटचं तोंड पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास.

इथे एमसीबी, म्हणजे पेटीतला आपोआप पडणारा स्विच, काहीही करत नाही, कारण तिच्या लेखी १५ अँपियरच जात आहेत. जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट हे तिचे विषय, सैल स्क्रू तिला दिसतच नाही. काही पोर्टेबल केबलींच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो करंट कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो, आणि मालकाला वाटतं चार्जर बिघडला.

तपासणी घरच्या घरी होते. चार्जिंग सुरू करा, एक तास जाऊ द्या, मग प्लगच्या पाठीला हाताची उलटी बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी गाडीतून चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला.

बदलताना तसाच दुसरा मॉड्युलर सॉकेट नको. निळ्या रंगाचा, झाकणाचा, गोल पिनांचा औद्योगिक सॉकेट घ्या. त्याची पकड लांब आणि घट्ट असते. पोर्टेबल केबलचा घरगुती प्लग त्यात बसत नाही ही अडचण खरी. तेव्हा चांगल्या प्रतीचा १६ अँपियरचा मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतला) सॉकेट किंवा सरळ वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा तो डबा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही चार्जिंगसाठी जोडवायर वापरायला मनाई आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांतून गाडी रस्त्यावर उभी राहते आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडलेली असते. ती सोय समजण्यासारखी आहे, पण रहदारीत चेपणारी, उन्हात तडकणारी आणि मधोमध जोड असलेली ती वायर चार्जिंगच्या कामाची नाही. तिथे वाड्याच्या दाराशी, आपल्याच मीटरवरून, कंड्युटमधून पक्की लाइन आणणं हाच मार्ग.

जोडाबद्दल एक गोष्ट वायरमन मंडळी सर्रास टाळतात. आपल्याकडची तांब्याची वायर अनेक बारीक तारांची असते. ती नुसती पिळून एमसीबीच्या किंवा डब्याच्या टर्मिनलमध्ये खुपसली की स्क्रू काही तारांनाच दाबतो, बाकीच्या बाजूला सरकतात. रोज तापून-निवून महिन्या-दोन महिन्यांत तो जोड सैल होतो. उपाय म्हणजे टोकाला मापाचं फेरूल किंवा लग (सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची टोपी), तेही पकडीने नाही तर क्रिंपिंग टूलनेच दाबलेलं. मग टर्मिनलवर छापलेल्या टॉर्कइतका, म्हणजे पिळण्याच्या जोराइतका, स्क्रू आवळायचा. काम झाल्यावर महिन्याभराने एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी, मेन बंद करून, सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

जुन्या घरांत खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असते आणि घरातली तांब्याची. हे दोन धातू थेट पिळले की ओलाव्यात जोड सडतो. तिथे बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग लागतो. मीटरच्या आधीचा जोड मात्र स्वतः उघडायचा नाही. तो वीज कंपनीचा, बडोद्यात एमजीव्हीसीएलचा. मीटरखालच्या टर्मिनलपाशी वायरचं आवरण काळवंडलेलं दिसलं तर तक्रार नोंदवा आणि तोवर चार्जिंग बंद ठेवा.

वायर किती जाड, चार्जर किती मोठा

३.३ किलोवॉटचा म्हणजे १५-१६ अँपियरचा चार्जर असेल तर ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि २० अँपियरची एमसीबी. ७.२ किलोवॉटचा म्हणजे ३२ अँपियरचा वॉलबॉक्स असेल तर ४० अँपियरची एमसीबी आणि १० स्क्वेअर. बरेच जण ६ स्क्वेअरमध्ये काम उरकतात. अंतर कमी असेल, वायर सावलीतून जात असेल तर ते चालूनही जातं. पण मीटरपासून पार्किंग ३० मीटर दूर असेल तर ३२ अँपियरला ६ स्क्वेअरमध्ये साडेपाच व्होल्ट वाटेत पडतात आणि सुमारे १८० वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. ४ स्क्वेअर घातली तर २७० वॉट. १० स्क्वेअरला हेच सव्वातीन-साडेतीन व्होल्ट आणि १०० वॉटच्या आसपास. अर्थची वायर फेजच्याच जाडीची हवी. तिथे काटकसर नको.

एमसीबीचा आकडा आणि चार्जरचा आकडा सारखा ठेवण्याची चूक फार दिसते. ३२ अँपियरच्या चार्जरला ३२ चीच एमसीबी. हिवाळ्यात ती तग धरते, मेमध्ये रोज रात्री बाराच्या सुमाराला पडते. घरगुती एमसीबीचं माप ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं. पत्र्याच्या बंद पेटीत ४५-५० अंश झाले की ती कमी करंटलाच पडते. शेजारी शेजारी चिकटवलेल्या एमसीबी एकमेकींना आणखी तापवतात. मधे एक रिकामी जागा सोडली तरी फरक पडतो.

आता मूळ प्रश्न, ७.२ किलोवॉट लागतातच का? अलकापुरी ते मांजलपूर, मांजलपूर ते समा असं शहरातलं रोजचं फिरणं ४० किलोमीटर धरा. लहान-मध्यम गाडी किलोमीटरला साधारण १४० वॉट-तास खाते. म्हणजे ५.६ युनिटं, रूपांतरातली घट धरून साडेसहा. ३.३ किलोवॉटवर हे दोन तासांत भरतं. रोज हालोलला नोकरीला जाणाऱ्याचं जाऊन-येऊन ८० किलोमीटर, म्हणजे चार तास. (हालोललाच एमजीच्या विजेच्या गाड्या तयार होतात, तेव्हा त्या रस्त्यावर ईव्हींची वर्दळ असणारच.) अहमदाबादला जाऊन आलं तर ३१-३२ युनिटं, त्याला मात्र रात्रभर लागेल.

भरवशाच्या दृष्टीने संथ चार्जिंग फार मोठी गोष्ट आहे, कारण करंट निम्मा केला की प्रत्येक जोडावरची उष्णता चौथाईवर येते. ३२ अँपियरचा वॉलबॉक्स घेतला असला तरी त्याच्या सेटिंगमध्ये किंवा आतल्या डिप स्विचने (बोर्डवरच्या बारीक खटक्यांनी) तो २० किंवा १६ वर आणता येतो. एरवी तसाच ठेवा. सकाळी लवकर लांब निघायचं असेल त्या रात्रीच ३२ करा.

अर्थिंग, आणि एक जीवघेणी पळवाट

‘अर्थ फॉल्ट’, ‘नो ग्राउंड’, लाल दिव्याची तीन किंवा चार वेळा उघडझाप. कंपनीगणिक खूण वेगळी, रोग एकच. टीव्ही, फ्रिज, मिक्सर अर्थिंग नसतानाही मुकाट चालतात. गाडीचा चार्जर चालत नाही, आणि चालू नये हेच बरोबर. दीड टनाचा लोखंडी सांगाडा रबरी टायरांवर उभा आहे, त्याला ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने कोणीही शिवणार आहे. अर्थ हीच तिथली सुटकेची वाट.

मल्टीमीटरने तीन आकडे घ्या, किंवा वायरमनकडून आपल्यासमोर घ्यायला लावा. फेज ते न्यूट्रल, सुमारे २३०. फेज ते अर्थ, जवळपास तितकेच. न्यूट्रल ते अर्थ, दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशेच दाखवत असेल किंवा आकडा तरंगत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. न्यूट्रल ते अर्थ एरवी दोन व्होल्ट, पण घरातला एसी लावला की दहा-बारा होत असतील तर अर्थ नाही, न्यूट्रलचा जोड सैल आहे. आणि फेज-न्यूट्रल उलटे असतील, म्हणजे सॉकेटच्या डाव्या-उजव्या भोकांची अदलाबदल झालेली असेल, तर काही पोर्टेबल केबली तेवढ्यावरच नकार देतात. दोन वायरी अदलून-बदलून लावल्या की काम होतं.

आता ती पळवाट. चार्जर ‘अर्थ नाही’ म्हणतोय, खड्डा खणायला कोणी तयार नाही, म्हणून वायरमन सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो. दोन इंचांचा तुकडा. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पुढे कधीतरी घराकडे येणारा न्यूट्रल तुटला की गाडीच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) या तुकड्याच्या आधी असेल तर तीही नेहमी वाचवेलच असं नाही. तुमच्याकडे ‘चार्जर आधी चालत नव्हता, मग वायरमनने पाच मिनिटांत चालू केला’ असं झालं असेल तर मेन बंद करून तो सॉकेट उघडून बघाच.

खरा उपाय खड्डाच. घरासाठी चांगला अर्थ म्हणजे ५ ओहमच्या आत रोध असं धरून चाला, आणि तो अर्थ टेस्टरने मोजून घ्या. बल्ब लावून दाखवणं ही मोजणी होत नाही. जीआय पाइप, कोळसा आणि मीठ ही जुनी पद्धत वाईट नाही, पण मीठ पाइपाला खातं आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो. काळी माती असेल तर ती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. होळीनंतर पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं हे सगळ्यात स्वस्त देखभालीचं काम. तयार केमिकल इलेक्ट्रोड ओलावा जास्त काळ धरतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळीकडे फरशी असेल तर एका चौकोनाची फरशी काढून तिथे झाकणाचा चेंबर करता येतो.

इन्व्हर्टरच्या लाइनवर चार्जर जोडू नका. वीज गेली की अनेक घरगुती इन्व्हर्टरांचा न्यूट्रल अर्थपासून सुटा होतो, चार्जरला अर्थ सापडत नाही, शिवाय दोन-तीन किलोवॉटचा ओढा त्याला झेपतही नाही.

आरसीसीबी उगाच पडते तेव्हा

उगाच पडत नाही, बहुधा. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. घरातला प्रत्येक एसी, फ्रिज, कॉम्प्युटर थोडी गळती करतोच. ऑनबोर्ड चार्जरमधल्या फिल्टरचीही काही मिलिअँपियर असते. सगळं घर एकाच आरसीसीबीवर असेल तर रात्री तीन एसी आणि गाडी मिळून ती काठावर येते. चार्जरला मीटरनंतरच्या मुख्य पेटीतून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र आरसीसीबी हवी. गन लावताच, चार्जिंग सुरू होण्याच्या क्षणी पडत असेल तर बहुतेक वेळा न्यूट्रल दुसऱ्याच आरसीसीबीच्या पट्टीवरून घेतलेला सापडतो.

प्रकारही बघा. आरसीसीबीवर एकच नागमोडी रेघ छापलेली असेल तर ती एसी प्रकारची, इथे चालणार नाही. नागमोडीखाली अर्धगोल उड्याही असतील तर ती ए प्रकारची, नियमांप्रमाणे किमान हीच हवी. कारण गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून बिघाडाच्या वेळी डीसी गळती होऊ शकते, आणि डीसीने आरसीसीबीचा गाभा चुंबकीयदृष्ट्या तुंबला की ती आंधळी होते, खऱ्या झटक्यालाही पडत नाही. त्यासाठी चांगल्या वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपियर डीसी पकडणारा सेन्सर असतो. विकत घेताना ही एक ओळ पत्रकात शोधा. ती नसेल तर बाहेर बी प्रकारची आरसीसीबी लागेल, आणि ती महाग असते. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, गाडी लावलेली नसताना.

वीज कंपनीकडून येते ती वीज

मंजूर भार ३ किलोवॉट, घरात दोन एसी आणि वर ७.२ चा वॉलबॉक्स, हे गणित कागदावरच तुटतं. भार वाढवण्याचा अर्ज आधी करा. सिंगल फेजवरून तीन फेजवर जावं लागू शकतं, तेव्हा वायरमनला बोलावण्यापूर्वी ते विचारून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. सोसायटीत राहणाऱ्यांना ती उपयोगाची, कारण सार्वजनिक मीटरवरून कोणी किती वीज घेतली यावरून होणारे वाद टळतात.

घरी व्होल्टेज २३० च्या आसपास हवं. मे महिन्यात रात्री दहा-अकराला आख्ख्या गल्लीतले एसी चालू असतात आणि फीडरच्या शेवटच्या घरांत आकडा खाली घसरतो. चार्जर थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. मग चार्जिंगची वेळ रात्री एकनंतरची ठेवा. ही वेळ शक्यतो गाडीच्या सेटिंगमधूनच ठरवा. गाडीत आणि चार्जरमध्ये दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळा लावल्या की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि सकाळी गाडी रिकामी.

तीन फेजच्या घरांचा मोठा शत्रू म्हणजे तुटलेला न्यूट्रल. तो तुटला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि त्या फेजवर जे असेल ते जळतं. उत्तरायणाच्या आठवड्यात, मांजा तारांत अडकलेला असताना आणि मुलं तो ओढत असताना, तारा एकमेकींना लागणं, झटके येणं, वीज जाऊन-येऊन होणं हे बडोदेकरांना नवं नाही. मुख्य पेटीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. साधारण २७० च्या वर आणि १७०-१८० च्या खाली तोडणारा, आणि वीज परतल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा. सोबत व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत सोडणारा टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (गनच्या ‘टाइप २’शी याचा संबंध नाही). त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की आतलं कार्ट्रिज संपलं, बदलायचं. सर्ज प्रोटेक्टर चांगल्या अर्थिंगशिवाय निकामी, हे वेगळं सांगायला नको.

ऊन, पाऊस, पाल आणि विश्वामित्री

पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात डबा लावू नका. बाहेर ४३ अंश असताना उन्हातल्या काळ्या डब्याच्या आत त्याहून बरंच जास्त होतं, आणि मग डबा स्वतःला वाचवायला ३२ चे १६ अँपियर करतो. संध्याकाळी घरी येताच चार्जिंग लावणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. वर एक छज्जा, मागे बोटभर हवेची जागा, एवढ्याने काम होतं.

पावसाचे शिंतोडे आयपी ५४ किंवा ६५ चा डबा सहज झेलतो (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची प्रत). पाणी शिरतं ते वायर आत जाते त्या भोकातून. वायर नेहमी खालून आत घ्यावी, रबरी ग्लँड घट्ट असावा आणि त्याआधी वायरला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे ओघळ तिथेच टपकतो. गन वापर झाल्यावर तिच्या कप्प्यात, तोंड खाली करून. जमिनीवर पडलेल्या गनच्या निरोपाच्या पिनेवर ओल आणि माती बसते, ९ चे ६ व्होल्ट नीट होत नाहीत, आणि ‘गन लागली पण चार्जिंग सुरूच होत नाही’ ही पावसाळ्यातली ठरलेली तक्रार तयार होते. कोरड्या कापडाने पुसून, हवा लागू देऊन बहुतेक वेळा ती जाते. कुंभारमाशी गनच्या भोकांत मातीचं घर बांधते, मुंग्या रिलेच्या उबेला येतात. आणि पाल एमसीबीच्या पेटीत शिरून दोन टर्मिनलांवर एकदम बसली तर पेटीही जाते आणि पालही. न वापरलेली भोकं बंद करा, त्याला प्लास्टिकचे डमी मिळतात.

पुराचा विचार मात्र बडोद्यात वेगळा करावाच लागतो. नियम म्हणतो, चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. समा, अकोटा, फतेगंज, कारेलीबाग भागात ज्यांच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते त्यांनी ८०० चा आकडा विसरून त्या रेघेच्या फूटभर वर डबा लावावा, तळघरातल्या पार्किंगमध्ये तर नकोच. डबा फार उंच जात असेल तर तो वर आणि लांब केबल खाली, अशी मांडणी करा. पाणी चढायला लागलं की आधी चार्जिंग थांबवा, गन काढा, मग चार्जरची एमसीबी खाली, आणि पाणी पेटीपर्यंत येण्याआधी मेनही. पायाखाली पाणी असताना पेटीला हात लावायचा नाही.

पाणी ओसरल्यावरची घाई जास्त महाग पडते. बाहेरून वाळलेला डबा आतून ओला असतो आणि गाळाचा थर वीज वाहतो. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर वाळवून वापरायचे नाहीत, नवे घालायचे. वायर राहू शकते, पण ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल अशी इन्सुलेशनची चाचणी घ्या, दोन्ही टोकं सुटी करून. प्रत्येक आकडा १ मेगाओहमच्या वरच हवा. बुडालेली गन टाकून द्या. गाडीची बॅटरी आयपी ६७ ची आहे हे खरं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. विश्वामित्रीचं पाणी काही अर्ध्या तासात उतरत नाही. अशी गाडी सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

रात्री चार्जिंग थांबलं तर कोणत्या क्रमाने बघायचं

अ‍ॅप उघडण्याआधी डब्यावर दिवा आहे का बघा. दिवाच नसेल तर प्रश्न विजेचा. एमसीबी की आरसीसीबी, कोणती पडली ते नोंदवा. एकदाच वर करा. पुन्हा लगेच पडली तर थांबा, दुसऱ्यांदा वर करणं म्हणजे बिघाडाला खतपाणी घालणं.

दिवा आहे पण लाल, तर तो किती वेळा लुकलुकतो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. कंपनीचा माणूस हेच विचारणार. मग गाडीतून चार्जिंग थांबवा, गन काढा, एमसीबी बंद करून एक मिनिट थांबा, पुन्हा जोडा. चालू चार्जिंगमध्ये थेट एमसीबी पाडायची सवय लावून घेऊ नका. भाराखाली तोडल्याने संपर्कावर ठिणगी बसते आणि ते झिजतात.

दिवा हिरवा, गन लागलेली, तरी गाडी घेत नाही, तर वेळेचं सेटिंग, मग गनची पिन, मग गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी. हिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. ती उतरली तर गाडीतले कॉन्टॅक्टर लागतच नाहीत, मोठी बॅटरी भरलेली असो वा रिकामी. गन गाडीत अडकून बसली तर जोर करू नका. गाडी अनलॉक करून पाहा, नाहीतर बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने ओढायची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये आत्ताच बघून ठेवा.

दोष गाडीचा की घरचा हे ठरवायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडी दुसऱ्या एसी चार्जरवर लावणं. डीसी फास्ट चार्जरवर नाही. तिथे ऑनबोर्ड चार्जर वापरलाच जात नाही, त्यामुळे तिथे गाडी भरली तरी तो ठीक आहे असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या एसी चार्जरवर चालली तर दोष घरचा. मग मल्टीमीटरचे ते तीन आकडे, चार्जिंग बंद असताना आणि घरातला मोठा एसी चालू असताना, असे दोनदा लिहून घ्या. हा सहा आकड्यांचा कागद वायरमनच्या हातात दिला तर त्याचा तास आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

आणि वॉलबॉक्स बसवताना त्याच पेटीतून, वेगळ्या २० अँपियरच्या एमसीबीवर आणि वेगळ्या ए प्रकारच्या आरसीसीबीवर, एक मेटलक्लॅड सॉकेट पार्किंगमध्ये काढून ठेवा. वॉलबॉक्सचा बोर्ड गेला आणि सुटा भाग यायला पंधरा दिवस लागले, तर पोर्टेबल केबलने गाडी त्याच रात्री पुन्हा भरायला लागते.